वार म्हणजे पाळी: वारांची नावं, फिरलेले शब्द आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या महाल भागात आमचा छोटासा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, बारशाची कार्डं आणि दसरा झाला की कॅलेंडरं. किराणावाले, सराफ, बियाणंवाले ऑर्डर द्यायला येतात, प्रूफ हातात घेतात, वरून खाली बघतात आणि काही ना काही विचारतातच. बाबा छपाईचे खिळे (शिशाची अक्षरं) जुळवायचे तेव्हाही लोक हेच विचारायचे, आता कॉम्प्युटरवर काम चालतं तरी प्रश्न तेच. व्हॉट्सॲपवर एकच उत्तर वीस वेळा टाईप करून अंगठा दुखायला लागला म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतो. मी काही भाषापंडित नाही, पण आयुष्यभर वार छापले की माणूस थोडंफार वाचतोच.

"वार" म्हणजे नेमकं काय हो?

पाळी. नंबर. खेप. रविवार म्हणजे रवीची पाळी, सोमवार म्हणजे सोमाची, एवढंच. तलवारीचा वार आणि कापडाचा वार सध्या बाजूला ठेवा. वर हेडिंगात "वारंवार" लिहिलंय ना, त्यात हाच वार दोनदा बसलाय, पुन्हा पुन्हा पाळी येणं. पंढरीची वारीही त्याच घरची.

जुन्या लोकांना "वार लावून जेवणे" माहीत असेल. गरीब विद्यार्थी शहरात शिकायला यायचा, सात घरं ठरवायचा, आणि ज्या घराचा जो वार त्या दिवशी तिथे जेवायचा. आमचे आजोबा असेच शिकले. सोमवारचं घर ताकवालं, गुरुवारचं घर पुरणपोळीवालं, आणि बुधवारचं घर शेवटपर्यंत मिळालंच नाही म्हणून बुधवारी मुरमुरे आणि पाणी. म्हातारपणीसुद्धा मुरमुरे दिसले की ते म्हणायचे, "आज बुधवार हाय का बे?"

रवीनंतर सोमच का, मंगळच का? हा क्रम ठरवला कोणी?

हा प्रश्न सगळ्यात भारी आहे आणि उत्तर त्याहून भारी, जरा वेळ काढून वाचा, बोटांवर मोजत गेलात तर पाच मिनिटांत पटेल.

जुन्या काळी पृथ्वी मध्यभागी धरायचे आणि डोळ्याला दिसणारे सात फिरते गोल मोजायचे. त्यांची ओळ लावायची ती चालीवरून, सगळ्यात मंद पहिला. शनीला एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, गुरूला बारा (म्हणून तर सिंहस्थ बारा वर्षांनी येतो), मंगळाला दोनाला थोडी कमी, रवीला एक वर्ष, मग शुक्र, मग बुध, आणि चंद्र सगळ्यात पळपुटा, सत्तावीस दिवसांत फेरी खलास. तर ओळ झाली: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र.

आता दिवसरात्रीचे चोवीस तास. ज्योतिषात एकेका तासाला होरा म्हणतात आणि प्रत्येक होऱ्याचा एक मालक. पहिला होरा शनीचा, दुसरा गुरूचा, असं ओळीने जायचं, चंद्रापाशी संपलं की परत शनी. पहिला शनीचा म्हणजे आठवा पण शनीचा, पंधरावा पण, बाविसावा पण. तेविसावा गुरू, चोविसावा मंगळ, झाला दिवस. पंचविसावा होरा म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाचा पहिला होरा, तो कोणाचा? रवीचा! पहिला होरा ज्याचा, अख्खा दिवस त्याच्या नावावर. म्हणून शनिवारनंतर रविवार. रवीपासून मोजा, बाविसावा रवी, तेविसावा शुक्र, चोविसावा बुध, पंचविसावा चंद्र. सोमवार. चंद्रापासून मोजा, शनी आणि गुरू होऊन गेले की मंगळ. मंगळवार. असं करत परत शनीवर येता, एकही वार चुकत नाही.

हिशोब एवढाच की चोवीसला सातने भागलं की तीन उरतात, म्हणून रोज ओळीतले मधले दोन सोडून तिसऱ्यावर उडी. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा रात्री साडेअकराला छापखान्यात बिलबुकाच्या मागच्या बाजूला मोजत बसलो होतो आणि हसूच आलं, आयुष्यभर जे छापलं ते एका भागाकाराची बाकी निघाली.

मग ही पद्धत आपली की बाहेरची?

दोन्हीकडचे लोक माझ्यावर चिडतात पण सांगतो. आपल्याकडे तिथी आणि नक्षत्रं फार जुनी, वेदांपासूनची. वैदिक वाङ्मयात मात्र सोमवार-मंगळवार सापडत नाहीत, तिथे कार्य नक्षत्रावर चालायचं. सात ग्रहांचे वार हे बाबिलोनचे ग्रह, इजिप्तचे चोवीस तास आणि ग्रीकांचं गणित अशा खिचडीतून शिजले आणि इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत इकडे आले. होरा हा शब्दच ग्रीक आहे, इंग्रजीतला अवर त्याचाच भाऊ. वराहमिहिराने सहाव्या शतकात लिहिलंय की काहींच्या मते "अहोरात्र" मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळलं की होरा उरतो. जुळतं झकास, पण शब्द आलाय ग्रीकातूनच.

आणि भारतात वार कोरलेला प्रसिद्ध जुना लेख कुठला? एरणचा. गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळचा, गुप्त संवत् १६५, म्हणजे इसवी सन ४८४, आषाढ शुक्ल द्वादशी, आणि वार दिलाय "सुरगुरूचा दिवस". देवांचा गुरू बृहस्पती, म्हणजे गुरुवार. एरण सागर जिल्ह्यात आहे, आणि सागर मध्यप्रांतात होतं तेव्हा राजधानी आपलं नागपूरच होतं, त्यामुळे थोडी कॉलर टाईट करायला हरकत नाही.

नवग्रह आहेत तर वार नऊ का नाहीत?

राहू-केतू दिसत नाहीत म्हणून. ते आकाशातले छेदबिंदू आहेत, गोल नाहीत. राहूला वार मिळाला नाही पण रोजचा दीड तास राहुकाळ मिळाला, तेवढ्यावर त्याने भागवलं. युरेनस १७८१ मध्ये आणि नेपच्यून १८४६ मध्ये दुर्बिणीतून सापडले, तोवर सीट फुल.

इंग्रजी वार पण ग्रहांचेच ना? मग ट्यूजडे मध्ये मंगळ कुठाय?

आहे, वेश बदलून. रोमन लोकांनी मंगळाला त्यांचा युद्धदेव मार्स जोडला होता, फ्रेंचमध्ये अजून मार्दी म्हणतात. उत्तरेकडच्या जर्मानिक लोकांनी ते वार घेतले पण देव स्वतःचे बसवले. मार्सच्या जागी टीव, म्हणून ट्यूजडे. बुधाच्या जागी वोडन, म्हणून वेन्सडे मध्ये तो न उच्चारायचा डी. गुरूच्या जागी गडगडाटवाला थॉर, शुक्राच्या जागी फ्रिग देवी. शनीला जोडीदार मिळाला नाही वाटतं, तो सॅटर्न म्हणूनच राहिला.

मंगळ पापग्रह म्हणता, पत्रिकेत मंगळ निघाला की स्थळ परत जातं, मग त्याचं नाव "मंगळ" काहून?

भीती वाटते त्याला गोड नाव द्यायचं, ही आपली जुनी सवय. त्याचं दुसरं नाव अंगारक, म्हणजे निखारा, लाल दिसतो म्हणून. संकष्टी मंगळवारी आली की ती अंगारकी, आणि त्या दिवशी टेकडी गणपतीची लाईन बघून घ्या.

हीच सवय रोजच्या बोलण्यात आहे. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. नारळ फोडला नाही, वाढवला. घरातून निघताना "जातो" नाही, "येतो". आमच्या शेजारचे काका रात्री शटर ओढताना "चला, दुकान वाढवतो" म्हणतात, आणि त्यांच्या पुण्याच्या जावयाला पहिल्यांदा वाटलं की सासरे दुकानाला वरचा मजला काढून राहिले. वाढणे म्हणजे मोठं होणे, तो शब्द थेट उलट अर्थाला जाऊन बसला, आणि कोणाला काही विचित्र वाटत नाही.

बुधवार बुद्धाच्या नावावरून आलाय का?

नाही, पण नातं आहे. बुध हा ग्रह, पुराणात चंद्राचा मुलगा. दोन्ही शब्द "बुध्" म्हणजे जाणणे, जागे होणे या एकाच धातूचे, त्यामुळे चुलत भाऊ म्हणा. दीक्षाभूमीचा सोहळा बुधवारी झाला होता का असंही एकाने विचारलं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ हा रविवार होता.

आमची आजी गुरुवारला बेस्तरवार म्हणायची, ते काय?

बृहस्पतिवार बोलून बोलून झिजला. गोव्याकडे कोकणीत तो बिरेस्तार झालाय. तसाच आदित्यवार झिजून ऐतवार, मग इतवार, आणि शनैश्चर म्हणजे हळू हळू चालणारा, तो झिजून शनिचर.

इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी… नागपुरात एवढे वार कुठून आले?

आठवडी बाजारातून. ज्या भागात ज्या वारी बाजार भरायचा त्या भागाला तेच नाव. पुण्यात सातही वारांच्या पेठा आहेत, आपल्याकडे पेठ न म्हणता नुसती ई लावली की काम झालं. शुक्रवारी तलावाला, म्हणजे आताच्या गांधीसागरला, जुने लोक जुम्मा तलाव म्हणायचे. जुम्मा पण शुक्रवारच, फक्त अर्थ वेगळा, अरबीत त्याचा संबंध लोक जमण्याशी आहे. एकच पाणी, एकच वार, एका नावात शुक्राची चांदणी आणि दुसऱ्यात नमाजाची गर्दी.

गंमत अशी की नाव राहिलं आणि वार उडून गेला. आज इतवारीत रोजच बाजार असतो, उलट माझा कागदवाला ज्या गल्लीत बसतो ती गल्ली नेमकी रविवारीच बंद. बाहेरगावच्या माणसाला फोनवर पत्ता सांगून बघा: "मंगळवारी या इतवारीत, तिथून आपण बुधवारी जाऊ मंगळवारीला." एका अमरावतीच्या पार्टीने फोन ठेवूनच दिला होता.

पोर्तुगीज भाषेत याच्या उलटी गंमत आहे. तिथे ग्रहांची नावं चर्चला नको होती म्हणून नंबर टाकले, सोमवार म्हणजे "सेगुंदा-फैरा", दुसरा फैरा. हा फैरा मूळ लॅटिनमध्ये सणाची सुट्टी. सणाला लोक जमले, लोक जमले तिथे दुकानं लागली, आणि आज फैरा म्हणजे बाजार. सुट्टीचा बाजार झाला, आणि आमच्या इतवारीत बाजाराची सुट्टी.

आठवड्यात दिवस सात, मग नाव "आठ" वडा का?

कारण आपण दोन्ही टोकं मोजतो. या सोमवारपासून त्या सोमवारपर्यंत बोटं घाला, आठ भरतात. "आठ दिवसांनी या" म्हटलं की गिऱ्हाईक त्याच वारी येतं, नवव्या दिवशी नाही. फ्रेंच लोकही आठवड्याला सर्रास "आठ दिवस" म्हणतात, तेव्हा हिशोब फक्त आपलाच कच्चा नाही.

याच घरातला दुसरा शब्द हप्ता. फारसीत हफ्त म्हणजे सात, आपल्या सप्तचा सख्खा भाऊ. हफ्ता म्हणजे सात दिवस. मग दर हफ्त्याला द्यायचे पैसे म्हणजे हप्ता. मग महिन्याने द्यायचे पैसे पण हप्ताच, गाडीचा, फ्रिजचा, घराचा, सात कुठल्या कुठे गेले. आणि मग तो तिसरा हप्ता, जो कोपऱ्यावर उभा राहणारा भाऊ घेऊन जातो आणि पावती देत नाही. सात आकड्यापासून खंडणीपर्यंत, एका शब्दाने किती प्रवास करावा!

रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली ना?

दिली नाही, घ्यावी लागली. ऑफिसं आणि चर्चवाले रविवार पाळायचे पण गिरणी कामगार सातही दिवस राबायचा. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना १८८४ मध्ये काढली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आपल्याकडे एम्प्रेस मिल १८७७ ची, तेव्हा भोंग्याचं राज्य काय असतं ते जुन्या नागपूरकरांच्या घरात ऐकायला मिळेल. कोकणातल्या बेने इस्रायली लोकांचा वार मात्र वेगळा होता, ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोकांनी त्यांना नावच दिलं शनवार तेली.

हा क्रम कधी तुटला आहे का?

तारखा तुटल्या, वार नाही. १५८२ मध्ये पोपने दहा दिवस गाळले, ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ तारीख आली, पण गुरुवारनंतर शुक्रवारच आला. फ्रेंच क्रांतिवाल्यांनी १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा काढला, म्हणजे सुट्टी दहा दिवसांनी, लोकांनी तो काय चालू दिला नाही. रशियात १९२९ पासून पाच दिवसांचा, मग सहाचा करून पाहिला, १९४० मध्ये गपचूप सातावर आले.

"आज माझा गुरुवार आहे" म्हणजे काय? गुरुवार तर सगळ्यांचाच असतो.

हा प्रश्न बंगळुरूवरून आलेल्या एका पोराने विचारला होता, आणि बरोबर विचारला होता. सावजी मटणाचा प्लॅन ठरतो, सगळे गाडीवर बसतात आणि एक जण म्हणतो, "माझा आज गुरुवार हाय बाप्पा." म्हणजे उपवास, किंवा निदान मटण नाही. वार धरला, वार सोडला, वार मोडला. वाराचा अर्थ इथे दिवस उरलाच नाही, तो नेम झाला. पाळीचा दिवस झाला, दिवसाचा उपवास झाला.

शब्दांचे अर्थ असे बदलतात काहून? आणि हिंदीतले तेच शब्द मराठीत वेगळे का लागतात?

नागपुरात हे रोज होतं कारण आपण सकाळी मराठीत उठतो आणि दुपारी बाजारात हिंदीत भांडतो. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवण. हिंदीने ती शाळेत ठेवली, मराठीने तिच्या हातात छडी दिली. आमच्याकडे एकदा एका हिंदी शाळेचं पत्रक छापायला आलं, "शिक्षा ही जीवन है", आणि आमचा खापरखेड्याचा पोरगा प्रूफ वाचता वाचता म्हणतो, "भाऊ, हे जेलचं काम हाय का?"

चेष्टा हिंदीत प्रयत्न, मराठीत टिंगल. संसार हिंदीत अख्खं जग, मराठीत दोन खोल्या, गॅस सिलिंडर आणि बायकोची कटकट (बायकोच्या मते नवऱ्याची). राग मुळात रंग, मग मन रंगणं म्हणजे प्रेम, आणि मराठीत तोंड लाल होणं म्हणजे संताप. कादंबरी तर एका नायिकेचं नाव, बाणभट्टाच्या पुस्तकातली, मराठीने सगळ्याच मोठ्या गोष्टींना तिचं नाव देऊन टाकलं.

कधी अर्थ आकुंचन पावतो: मृग म्हणजे कुठलंही रानातलं जनावर होतं, म्हणून सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग, आता मृग म्हटलं की हरीण, नाहीतर पहिला पाऊस. कधी फुगतो: तेल म्हणजे फक्त तिळाचं, आता शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, गाडीचं पण तेलच.

एक मला अजून सहन होत नाही. "मी व्यस्त आहे." अरे बाबा, मराठीत व्यस्त म्हणजे उलट, शाळेत व्यस्त प्रमाण शिकलो ना आपण! पण आता पेपरवाले लिहितात, टीव्हीवाले बोलतात, माझी पोरगी मेसेज टाकते, वीस वर्षांनी तोच अर्थ बरोबर ठरेल आणि मी चूक. तोवर मी कामात आहे.

दारू म्हणजे पूर्वी औषध होतं हे खरं का?

खरं. फारसीत दारू म्हणजे औषधच, आपल्या "दवादारू" मध्ये अजून आहे. "दारूगोळा" मधली दारू मात्र तोफेची. संध्याकाळी औषध म्हणून घेतो म्हणणाऱ्यांना मी ही माहिती देत नाही, फार खूश होतात.

मोबाईल बुधवार दाखवतो आणि पंचांगवाले मंगळवार म्हणतात, कोण चूक?

कोणीच नाही. मोबाईलचा दिवस रात्री बाराला बदलतो, पंचांगाचा वार सूर्योदयाला. पहिला होरा सूर्योदयाचा, वर सांगितलं ना. पहाटे साडेतीनला जन्मलेल्या बाळाचा वार आदल्या दिवशीचाच धरतात.

हे मी पैसे मोजून शिकलो. एका घरचं बारशाचं कार्ड आलं होतं, आजोबांनी स्वतःच्या हाताने मजकूर लिहिलेला, "मंगळवारी पहाटे". मी तारीख पाहिली, तारखेला बुधवार, वाटलं म्हाताऱ्याची चूक झाली, न विचारता सुधारलं आणि दोनशे कार्डं छापून मोकळा झालो. आजोबा दुकानात आले, चष्मा कपाळावर सरकवला, कार्ड काउंटरवर उलटं ठेवलं आणि म्हणाले, "तुझ्या घरी सूर्य बारा वाजता उगवते का?" दोनशे कार्डं परत छापली, माझ्या खर्चाने.

मागचं जुनं कॅलेंडर परत वापरता येईल का?

तारीख-वारापुरतं येईल. वर्षात ३६५ दिवस, म्हणजे बावन्न आठवडे आणि वर एक दिवस, म्हणून तुमचा वाढदिवस दरवर्षी एक वार पुढे सरकतो, मध्ये २९ फेब्रुवारी आली की दोन. २०१५ चे वार आणि २०२६ चे वार अगदी सारखे. पण तिथ्या, सण, संकष्ट्या काही जुळणार नाहीत, आणि तुम्ही सगळे जुनीच वापरायला लागलात तर मी काय छापू?

"कॅलेंडर" चा मूळ अर्थ काय?

उधारीची वही. रोमन लोक महिन्याच्या पहिल्या तारखेला कॅलेंडी म्हणायचे, त्या दिवशी व्याज भरायचं, आणि कोणाकडून किती यायचंय हे ज्या वहीत लिहायचे ती कॅलेंडारियम. मला तरी हा अर्थ अजिबात बदललेला वाटत नाही, कारण गेल्या वर्षीच्या चार पार्ट्यांचे कॅलेंडरचे पैसे अजून यायचे आहेत. नावं लिहीत नाही. "येत्या सोमवारी देतो" म्हणाले होते, आणि तेव्हापासून पन्नासेक सोमवार येऊन गेले.